वेचणीची वही आणि गोळ्यांचं रजिस्टर

मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधाच्या खिडकीवर बसतो. कागदावर पद औषध निर्माता, लोक कंपाउंडर म्हणतात, आणि जिच्याबद्दल हे लिहितोय ती मला गोयीवाले भाऊ म्हणते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. पण डॉक्टर बदलत राहतात, सक्तीच्या सेवेच्या बाँडवर आलेले तर वर्षभरात जातात, मानसिक आजाराचे डॉक्टर जिल्ह्याहून महिन्यातून एकदा येतात, आणि खिडकीवर मात्र २००५ पासून मीच. म्हणून एका माणसाच्या स्किझोफ्रेनियाची, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या, खोटे संशय येणाऱ्या मानसिक आजाराची, वीस वर्षं सलग कोणी पाह्यली असतील तर घरच्यांनी, आणि थोडीफार मी.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरडवाहू, कापूस-सोयाबीन-तूर. गावाचं नाव लिहीत नाही, तिचंही नाही. भावाची पोरं तिला आत्या म्हणतात, त्यांचं ऐकून आता अर्धं गाव आत्याच म्हणतं, आधी येडी म्हणायचं. मीही आत्याच लिहितो. लिहू का म्हणून तिला विचारलं होतं. म्हणाली, "लिह्य ना भाऊ, पन माह्यं वजन नको लिहू." तर वजन लिहिणार नाही.

लग्न २००० साली झालं, सासर वर्धा जिल्ह्यात. २००१ ला मुलगा झाला. मुलगा आठ-नऊ महिन्यांचा असताना हिची झोप गेली. आधी रात्री उठून भांडी घासायची, घासलेलीच परत घासायची. मग पिठाच्या चक्कीचा आवाज सुरू झाला की त्यात आपलं नाव ऐकू यायला लागलं, मग नुसतं नाव नाही तर दोन बायका तिच्याबद्दल बोलतायत अशी पूर्ण वाक्यं, चक्की बंद असली तरी. ताटातलं आधी कुत्र्याला टाकून बघायची. सासू म्हणाली बाहेरचं लागलं. २००२ च्या उन्हाळ्यात नवऱ्यानं एस्टीनं माहेरी आणून सोडलं, सोबत एक ट्रंक, मुलगा सासरीच ठेवून घेतला. कोर्टात फारकत झालीच नाही, त्यानं दुसरं लग्न केलं, पोटगीचा विषय कोणी काढला नाही. चेन्नईच्या स्कार्फ या मानसिक आजारावर काम करणाऱ्या संस्थेनं स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि लग्न मोडलेल्या बायकांचा अभ्यास २००३ मध्ये छापला होता, तो वाचताना मला वाटलं आपल्याच गावात बसून लिहिलाय की काय, बाई माहेरी, कायदेशीर सोडचिठ्ठी नाही, नवऱ्याकडून पैसा नाही.

पुढचे दीड-पावणेदोन वर्षं देव झाले. भगत झाला, लिंबू झाले, तीन वेळा बुलडाणा जिल्ह्यात सैलानीला नेलं, एकदा होळीच्या यात्रेत. मी यावर हसणाऱ्यातला नाही. भावाच्या डोक्यात तेव्हा दवाखाना म्हणजे तापाचा, आणि नागपूर म्हणजे पागलखाना, तिथं गेलेला परत येत नाही. गंमत म्हणजे ज्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर अख्खं विदर्भ जातं त्यांना स्वतःला १८९२ पासून १९०८ पर्यंत नागपूरच्या पागलखान्यातच ठेवलं होतं, तेव्हा आमच्याकडे हे दोन दरवाजे जुनेच शेजारी आहेत.

२००३ च्या दिवाळीनंतर वेचणी लागली. घरात बाप थकलेला, भाऊ, वहिनी, दोन लहान पोरं, आणि पाच एकरातला कापूस बोंडातून लोंबायला लागलेला. ही एकदा विहिरीच्या काठावर उभी सापडली. मग गोठ्यातल्या खांबाला पायाला दोर लावून बांधायला लागले, सकाळी वावरात जाताना बांधायचं आणि संध्याकाळी सोडायचं. चाळीसेक दिवस. भावाला याबद्दल विचारलं तर तो अजूनही जमिनीकडे बघून बोलतो. "भाऊ, मोकळी ठेवली असती तं विहिरीत गेली असती, अन् वावरात नसतो गेलो तं आमी सारे उपाशी मेलो असतो. सांगा, काय करा लागत होतं?" मला उत्तर आलं नाही. दोनच वर्षं आधी, ऑगस्ट २००१ मध्ये, तमिळनाडूत एरवाडीला साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधून ठेवायला चक्क मनाई आहे, कोणत्याही प्रकारे. कायदा बरोबरच आहे, पण वेचणीच्या दिवसात तिच्याजवळ बसायला माणूस कुठून आणायचा हे काही त्यात लिहिलेलं नाही. आत्याच्या उजव्या घोट्यावर अजून वळ आहे.

फेब्रुवारी २००४ मध्ये गावच्या एका मास्तरांनी भावाला अक्षरशः धरून नागपूरला नेलं. म्हणजे पहिलं लक्षण ते पहिली गोळी यात दोन वर्षं गेली. हा मधला काळ जितका लांबतो तितकं पुढचं बरं होणं अवघड जातं हे आता जगभरच्या अभ्यासात दिसलंय, पण तेव्हा आम्हाला कोणाला ते माहीत? निदान स्किझोफ्रेनिया. आवाज थांबवायला हॅलोपेरिडॉल, आणि त्यानं अंग आखडू नये म्हणून सोबत ट्रायहेक्सीफेनिडिल. शॉक दिले नाहीत, मुद्दाम लिहितो कारण गावात आजही लोक पहिलं तेच विचारतात. सहा आठवड्यांत आवाज गेले. मार्चमध्ये घरी आली, झोपली, स्वतः न्हाली, मुलाचं नाव घेऊन रडली. डॉक्टरांच्या भाषेत उत्तम प्रतिसाद.

आता वहीबद्दल सांगतो, कारण खरं प्रकरण तिथून सुरू होतं.

२०१९ मध्ये आशाताईंसोबत मी घरी गेलो होतो, आत्याची शुगर वाढलेली निघाली म्हणून. बोलता बोलता विचारलं, वावरात जाते का, काम होते का. वहिनी काही बोलली नाही, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. वहिनी सातवी शिकलेली. कापूस वेचायला बाया लावायच्या तर मजुरी किलोवर, म्हणून रोज संध्याकाळी काट्यावर तोललं की कोणाचे किती किलो ते ती लिहून ठेवायची. एकदा मजुरीवरून भांडण झालं तेव्हापासून जुनी वहीसुद्धा फेकली नाही. घरच्या बायांना मजुरी नाही, तरी त्यांचेही आकडे लिहिलेले, स्वतःचे आणि आत्याचे. काऊन लिहिलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोन किती आनलं ते कयाले पायजे ना."

मी ते घरी आणून माझ्या रजिस्टरशेजारी ठेवलं. रजिस्टरात काय असतं, तारीख, गोळी, किती दिल्या, सही किंवा अंगठा. इतकी वर्षं मी याच्यावरून सांगत होतो की ही पेशंट नियमित आहे, चांगली आहे. आणि वही काही वेगळंच सांगत होती.

नुसता किलोचा आकडा बघून चालत नाही हे कास्तकाराला सांगायला नको. पहिली वेचणी, दुसरी वेचणी, पाऊस, दव, वावर कसलं, सगळ्यानं वजन बदलते. म्हणून मी त्याच दिवशी त्याच वावरात वेचणाऱ्या इतर बायांशी ताडून पाह्यलं. चांगली वेचणारी बाई भरात दिवसाला चाळीस किलोच्या आसपास काढते. वहिनी तेव्हा चाळीस-पंचेचाळीसवाली. आत्या २००४ च्या हंगामात एकतीस, २००५ मध्ये पस्तीस-छत्तीस. म्हणजे दीड वर्षात जवळपास इतर बायांच्या बरोबरीला. त्या टप्प्यावर कोणी अभ्यास करायला आलं असतं तर 'पूर्ण बरी' असंच लिहून गेलं असतं.

२००६ चा पोळा. माझ्या रजिस्टरात ऑगस्टनंतर नाव नाही. मला वाटलं बाहेरून घेत असतील, मी विचारलंही नाही, खिडकीवर रांग असते. घरात मात्र ठरलं होतं की बरी झाली, आता कायले गोया खायच्या, त्यानं सुस्ती येते. आणि वही काय म्हणते? त्या हंगामाचे पहिले तीन आठवडे ३८, ४१, ४२. तिच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे आकडे गोळ्या बंद असतानाचे. हात मोकळे, डोकं हलकं, बायांसोबत गाणी. चौथ्या आठवड्यात ११. मग ६. मग तिच्या नावापुढे रेघ. वहिनीनं मला सांगितलं, रात्री भांड्यांचा आवाज यायला लागला तेव्हाच कळलं होतं, पण वेचणी सोडून जाणार कुठं.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण गोळ्या बंद करणारा माणूस मूर्ख नसतो. बंद केल्यावर पहिले काही आठवडे खरंच बरं वाटते, आणि तेवढ्यात घरच्यांची खात्री पटते. २०१२ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात अनेक चाचण्या एकत्र करून मांडलं होतं की वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू असणाऱ्यांत २७ टक्के आणि नुसती खोटी गोळी दिलेल्यांत ६४ टक्के. फरक मोठा आहे. पण उलटं वाचलं तर शंभरातले छत्तीस औषधाविना वर्षभर उलटले नाहीत, आणि प्रत्येक घराला आपला माणूस त्या छत्तीसातलाच वाटतो. आधी ओळखायचं कसं? अजून तरी खात्रीचा मार्ग नाही.

दुसऱ्या वेळी भरती झाली, आणि यावेळी घरच्यांवर भरवसा नको म्हणून महिन्याला एक इंजेक्शन ठरलं, फ्लुफेनाझिन डेकॅनोएट, २५ मिलिग्रॅम. २००७ ते २०११ माझं रजिस्टर बघा, एक महिना चुकलेला नाही. आवाज नाहीत, भांडण नाही, पळून जाणं नाही. आणि वहीत बारा, चौदा, तेरा, पंधरा. बाकीच्या बाया चाळीसला आणि ही तेराला. ही औषधं मेंदूतलं डोपामिन अडवतात, त्यानं आवाज थांबतात, पण अंगाच्या हालचालीलाही तेच डोपामिन लागते, म्हणून अंग लाकडासारखं होते, बोटं थरथरतात. बोंडातून कापूस काढायला बोटं लागतात. त्यात काटेरी वाळलेली पाकळी चुकवून सरकी-रुई एकदम ओढायची, दोन्ही हातांनी, तेही दिवसभर. तिला ते जमेना. आणि चेहरा असा की काही विचारलं तर 'बरं हाय' एवढंच. कोणी तक्रार केली नाही. शांत पेशंटची तक्रार कोण करणार? मीसुद्धा नाही केली, आणि त्या पाच वर्षांत तिला इंजेक्शन काढून देणारा मीच होतो.

जमिनीचंही याच वर्षांतलं. २००८ ला बाप गेला आणि फेरफाराच्या वेळी हिच्याकडून हक्कसोड करून घेतलं. अंगठा नाही, सही केली तिनं, थरथरत्या हातानं. मुलीला बापाच्या जमिनीत वाटा आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि बहिणी सोडून देतात हेही सगळ्यांना माहीत आहे, बऱ्या असलेल्या बहिणीसुद्धा. आजार आहे एवढ्यावरून माणसाला समजत नाही असं धरता येत नाही, आताचा कायदा तर तसं स्पष्टच म्हणतो. पण त्या इंजेक्शनच्या दिवसात तिला नाही म्हणता आलं असतं का? भाऊ म्हणतो, "तिले जन्मभर पोसाचं कोनाले हाय, मलेच ना." हे खोटं नाही, त्यानं पोसलंय. पण हिशोबात सव्वा एकर गेलं तेही खोटं नाही. मी दोन्ही लिहून ठेवतो.

२०१२ मध्ये महिन्याच्या ओपीडीला एक नवीन तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आत्याला खुर्चीवरून उठून चालायला लावलं, हात पुढे धरायला लावले, मनगट वाकवून पाह्यलं. पाच मिनिटंही लागली नसतील. इंजेक्शन हळूहळू बंद करून रिस्पेरिडोन सुरू केलं, आधी ४ मिलिग्रॅम, पुढे ३. त्या हंगामात वहीत २६ आणि २८. पुढच्या वर्षी एके दिवशी ३०, वहिनीनं आकड्याखाली रेघ मारलीये.

डोस कमी करण्याबद्दल नेदरलँड्सचा एक अभ्यास आहे, २०१३ मध्ये छापलेला. पहिल्यांदा आजार होऊन सावरलेले लोक घेतले, काहींचं औषध हळूहळू कमी किंवा बंद केलं, काहींचं चालू ठेवलं. दोन वर्षांनी पाह्यलं तर कमी केलेल्यांत आजार जास्त उलटलेला, म्हणजे चूकच केली असं वाटावं. सात वर्षांनी परत पाह्यलं तर उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच झालेलं, पण काम-घर-संबंध धरून खऱ्या अर्थानं सावरलेले कमी करणाऱ्यांत ४० टक्के, चालू ठेवणाऱ्यांत १८ च्या आत. पेशंट शंभरच्या आसपासच होते, त्यामुळे यावरून कोणी आपली गोळी आपल्या मनानं तोडू नये, आमच्या आत्याचं २००६ आठवा. पण दोन वर्षांचा निकाल आणि सात वर्षांचा निकाल वेगळा निघू शकतो, हे मला तिच्या वहीत आधीच दिसलं होतं.

रिस्पेरिडोननं दुसरा घोळ केला. २०१४ मध्ये तिची पाळी बंद झाली. वय तेहतीस. चार महिने कोणी बोललं नाही, मग वहिनीच्या लक्षात आलं आणि घरात जे काही झालं ते लिहिण्यासारखं नाही. नवरा सोडलेली बाई, पाळी चुकली, म्हणजे काय समजायचं? भावानं शेजारच्या पोट्ट्याची कॉलर धरली. उपकेंद्रात सिस्टरनं लघवीची तपासणी केली, काही नव्हतं. मग ओपीडीत कळलं की डोपामिन अडलं की प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढते आणि पाळी थांबते, कोणाकोणाला दूधही येते. गोळी देताना हे एक वाक्य सांगितलं असतं तर? त्या दिवसापासून मी रिस्पेरिडोन देताना प्रत्येक बाईला खिडकीवरच हळू आवाजात सांगतो, पाळी पुढे-मागे झाली तर घाबरू नका, येऊन सांगा. बाया लाजतात, पण ऐकतात.

गोळी बदलली, ओलांझापिन १० मिलिग्रॅम. पाळी आली, आकडे पंचवीस-सत्तावीसवर स्थिर. भूक मात्र अशी लागायला लागली की रात्री उठून भाकर शोधायची. वजन वाढलं (आकडा लिहिणार नाही, शब्द दिलाय). २०१९ ला शुगर निघाली, आता मेटफॉर्मिन चालू. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातली बरीचशी आत्महत्येनं नाही तर हृदय, शुगर अशा साध्या आजारांनी. माझ्या रजिस्टरात मानसिक आजाराचं पान वेगळं, बीपी-शुगरचं वेगळं, वारही वेगळे. तिला दोनदा एस्टीनं यावं लागायचं. शेवटी मी दोन्ही गोळ्या एकाच दिवशी द्यायला लागलो, नियमात बसते की नाही विचारलं नाही.

२०१७ चं वहीतलं पान बघून मी आधी घाबरलो होतो, ९, ७, ८. मग शेजारचे आकडे पाह्यले तर वहिनीचे १४, बाकीच्यांचे १५-१६. गुलाबी बोंडअळीचं वर्ष ते. बोंडं किडकी, फुटलीच नाहीत. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. नुसते आकडे घेऊन बसलेल्या माणसानं 'आजार बळावला' असं लिहून टाकलं असतं.

सर्टिफिकेटची गोष्ट थोडक्यात. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार अपंगत्वात धरला जातो, ४० टक्के निघालं तर सवलती. मोजायचं माप आयडियाज नावाचं, त्यात स्वतःची निगा, नातेसंबंध, बोलणं-समजणं आणि काम अशी चार खाती, वरून आजार किती वर्षांचा ते. पहिल्यांदा गेली तेव्हा नवीन लुगडं नेसून, तेल-फणी करून, सगळ्याला "हाव, मी करतो सारं" म्हणाली आणि चाळीसच्या खाली बसली. ती बाहेर आल्यावर वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्यांदा गेलो तर संबंधित डॉक्टर रजेवर. तिसऱ्यांदा वहिनी आत गेली आणि कोण उठवते, कोण गोळी देते, पैसे दिले तर काय होते, बाजारात एकटी का जात नाही, हे सगळं तिनं सांगितलं तेव्हा झालं. आता संजय गांधी निराधारचे पैसे येतात. म्हणजे जितकी बरी दिसशील तितकं कमी मिळेल. यावर मी आणखी काही लिहीत नाही, नाहीतर तोंड सुटेल.

लॉकडाऊनमध्ये एप्रिल-मे २०२० ला चाळीसेक दिवस गोळ्यांचा खंड पडला, एस्टी बंद आणि आमच्याकडचा साठाही संपलेला. मेच्या मध्याला वहिनीचा रात्री साडेअकराला फोन. "भाऊ, भांडे वाजून रायले." एवढंच. मला कळलं. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून येणाऱ्या एकाच्या हाती गोळ्यांचे दोन पत्ते मागवले, आशाताईंनी घरी नेऊन दिले, आठ दिवसांत झोप बसली. भरती करावं लागलं नाही. २००६ मध्येही भांडीच वाजली होती, फरक इतकाच की आता ऐकणारीला अर्थ माहीत होता आणि तिच्याकडे नंबर होता. साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत एक मोठा प्रयोग झाला होता, २०१४ मध्ये लॅन्सेटला आला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून स्किझोफ्रेनियाच्या घरी पाठवलं, औषध, घरच्यांशी बोलणं, कामाला लावणं. नुसत्या दवाखान्यापेक्षा फायदा झाला, फार मोठा नाही पण झाला. आमच्याकडे तो प्रयोग वहिनीनं एकटीनं केला, न शिकता, न पगार घेता.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६० च्या दशकाच्या शेवटी नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांचा पाठपुरावा सुरू केला, भारतातलं केंद्र आग्रा. दोन आणि पाच वर्षांनी निघालं की भारत, नायजेरिया अशा देशांतले पेशंट श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे राहिले. पुढच्या अभ्यासात चंदीगडजवळची खेडीही होती, तिथल्या घरांमध्ये पेशंटवर टीका, टोमणे, राग कमी सापडला, आणि जिथं टोमणे कमी तिथं आजार कमी उलटतो. मग लोक म्हणायला लागले की आपलं कुटुंब, आपलं खेडं, हेच औषध. २००८ मध्ये काही अभ्यासकांनी प्रश्नही काढले, की सगळ्या गरीब देशांतले आकडे इतके गोड नाहीत, जे उपचारापर्यंत आलेच नाहीत त्यांचं काय, मेलेल्यांचं काय. आत्याला बघून मला दोन्ही पटते. खेड्यानं तिला काम दिलं हे खरं, कारण वेचणीला हात लागतात आणि तेरा किलोवालीलाही वावरातून कोणी हाकलत नाही. फॅक्टरी असती तर २००७ लाच घरी बसली असती. पण 'कुटुंब' म्हणतात ते नेमकं कोण? या प्रकरणात कुटुंब म्हणजे एक बाई. दुसऱ्या घरून आलेली, रक्ताचं नातं नसलेली, जी वर्षानुवर्षं रोज रात्री गोळी हातावर ठेवून तोंड उघडून दाखव म्हणते. भाऊ चांगला आहे, पण गोळीचं नाव त्याला अजून येत नाही.

मुलगा २०२२ ला पहिल्यांदा भेटायला आला, एकवीस वर्षांचा, मोटारसायकलवर. अधूनमधून फोन करतो. २०२५ ला त्याच्या लग्नाची पत्रिका आली. आत्या ती घेऊन खिडकीवर आली, चष्मा नव्हता तिच्याजवळ. "वाच ना भाऊ, माह्यं नाव कोठी हाय?" मी वाचलं. आईच्या जागी दुसरीचं नाव होतं. सांगितलं. तिनं पत्रिका घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "तिनंच वाढवलं ना त्याले. गोया दे." लग्नाला गेली, वहिनीसोबत, बायांत बसली, जेवून आली. कोणत्या मापात हे मांडायचं मला माहीत नाही, आयडियाजमध्ये याचं खातं नाही.

गेल्या हंगामातलं पान वहिनीनंच दाखवलं. आत्या २२. वहिनी १९. वहीत पहिल्यांदाच आत्या पुढे. वहिनीचे गुडघे गेलेत, उकिडवं बसता येत नाही, वाकून वेचता येत नाही, आणि डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. आत्या त्रेचाळीस-चव्वेचाळीसची, वहिनी पन्नाशीपुढची. घरी जाऊन विचारलं की ऑपरेशनला गेलीस तर गोळी कोण देईल. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आत्या म्हणाली, "मी घेतो ना माही." वहिनी म्हणाली, "हाव, २००६ ले बी तूच घेत होती." दोघी हसल्या, पण वहिनी थोडं उशिरा.

मग पुतण्याच्या बायकोचं ठरलं. नवीन पोरगी, बारावी झालेली, मोबाइलवर रात्री साडेआठचा अलार्म लावलाय. मी तिला सात खणांचा प्लास्टिकचा डबा दिला, दर रविवारी भरायचा, आणि महिन्याला उरलेल्या गोळ्या मला आणून दाखवायच्या असं ठरवलं. भांडी वाजली तर काय, तेही सांगितलं, चौदा-चार-सोळा हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आणि माझा नंबर दोन्ही दारामागं खडूनं लिहून ठेवलेत.

पहिल्या महिन्याचा डबा परवा आला. ओलांझापिनच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. पोरगी म्हणाली चार दिवस माहेरी गेली होती. चार होतात, बाकीच्या दोन कुठल्या ते तिलाही आठवेना. आत्याला विचारलं झोप लागते का, म्हणाली लागते. वहिनीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, वेचणीच्या आधी.